गोवा लीगल आहे, मग हैदराबाद कशाला?

पत्र (थोडं कमी करून)

ताई, नमस्कार. मी मूळची जळगावची, वय २७. चार वर्षांपासून एका विमान कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोल सेंटरमध्ये फ्लाइट डिस्पॅचर आहे, म्हणजे फ्लाइटचा मार्ग, इंधन आणि पर्यायी विमानतळ ठरवून प्लॅन काढते. गेल्या जुलैत रात्रपाळीला कोलकाता–मुंबई फ्लाइट माझ्याकडे होती. मुंबईच्या फोरकास्टमध्ये गडगडाटी पाऊस होता. संध्याकाळपासून विमानं घिरट्या घालत होती. गोव्यालाही पाऊस जोरात होता, पण कागदावर तिथला फोरकास्ट मिनिमाच्या, म्हणजे उतरायला लागणाऱ्या किमान हवामानाच्या, वर होता. मी पर्यायी विमानतळ हैदराबाद धरला आणि ४० मिनिटांचं होल्डिंग फ्यूएल, म्हणजे घिरट्या घालायला लागणारं इंधन, टाकलं. ड्यूटी मॅनेजर खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "गोवा लीगल आहे ना? मग हैदराबाद कशाला? होल्डिंग वीस कर. कॅप्टनला हवं असेल तर तो घेईल." मी प्लॅन बदलला. कॅप्टनने स्वतःहून इंधन वाढवून घेतलं आणि विमान नीट उतरलं. पण दर महिन्याला एक यादी निघते, कोणत्या डिस्पॅचरने किती जादा इंधन टाकलं याची. त्यात माझं नाव लाल रंगात असतं. यंदाच्या अप्रेझलमध्ये 'कमर्शियल सेन्स कमी' असा शेरा आला. कोर्सचं कर्ज अजून फिटलेलं नाही. बाबा म्हणतात, साहेब सांगतात ते कर, नोकरी सांभाळ. लीगल होतं म्हणजे माझंच चुकत होतं का? पुढच्या वेळी नाही म्हणायचं तर कसं? की ही लाइनच सोडू?

उत्तर

प्रिय जळगावकर,

तुझा हैदराबादचा प्लॅन बरोबर होता. हे आधी सांगते, कारण पत्रभर तू स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आहेस. डिस्पॅचच्या डेस्कवर मीही बरीच वर्षं काढली आहेत. तुझे आकडे वाचून त्या रात्रीचं चित्र लगेच डोळ्यांसमोर आलं.

मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी कामाची एकच. जुलै २०१९ मध्ये पावसात एक विमान मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरलं, ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली आणि विमानं चारी दिशांना वळवावी लागली. अशा विमानतळासाठी, अशा रात्री, २० मिनिटांचं होल्डिंग म्हणजे सगळं सुरळीत होईल असं गृहीत धरणं. ए-३२० घिरट्या घालताना तासाला साधारण दोन ते अडीच टन इंधन जाळतं. तू धरलेली ती वरची २० मिनिटं म्हणजे पाऊण टनाच्या आसपास. इतकीच त्या वादाची किंमत होती.

आणि गोवा? पश्चिम किनाऱ्यावर मुंबईला धो धो पाऊस आहे आणि गोव्याचे मेटारही (प्रत्यक्ष हवामानाचे अहवाल) पाऊसच दाखवताहेत, तेव्हा दोन्हीकडे ढगांचा तोच पट्टा असण्याची शक्यता मोठी. पर्यायी विमानतळ धरायचा तो पहिल्याला झालेला त्रास दुसऱ्याला होऊ नये म्हणून. १८ ऑगस्ट २०१५ ला दोहाहून कोचीला आलेल्या एका बोइंग ७३७ चं काय झालं ते तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेलच. कोचीला खराब दृश्यमानतेमुळे तीनदा उतरता आलं नाही. मग विमान तिरुवनंतपुरमला वळलं. तोच किनारा, तेच हवामान, तिथेही धावपट्टी दिसेना. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून ते अखेर उतरलं, तेव्हा ज्या ३० मिनिटांच्या अंतिम राखीव इंधनाला हात लावायचा नसतो, त्यातलंही बरंचसं संपलेलं होतं. दीडशेच्या आसपास माणसं होती आत. सगळी वाचली.

आता तुझ्या 'लीगल'कडे येते. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुझी खरी अडचण इथेच आहे. मॅनेजरने चुकीचं काही सांगितलं असतं तर तू तिथल्या तिथे नाही म्हणाली असतीस. त्यांनी नियमात बसणारं सांगितलं, म्हणून तुझी जीभ अडली.

कॅनडात १० मार्च १९८९ ला एअर ओंटारिओचं फोकर एफ-२८ विमान थंडर बे इथून ड्रायडनमार्गे विनिपेगला निघालं होतं. त्याचं एपीयू, म्हणजे जमिनीवर असताना इंजिन सुरू करायला लागणारं शेपटीतलं छोटं इंजिन, काही दिवस बंद होतं. ते बंद असताना उडायला परवानगी असते. पण ड्रायडनला बाहेरून इंजिन सुरू करून देणारं यंत्रच नव्हतं. म्हणजे तिथे दोन्ही इंजिनं बंद केली तर विमान तिथेच अडकणार. थंडर बेला आणखी एक गोष्ट घडली. रद्द झालेल्या दुसऱ्या फ्लाइटचे दहा प्रवासी या विमानात चढवले गेले आणि वजन जास्त झालं. ते प्रवासी उतरवावेत असं कॅप्टनचं मत होतं. कंपनीच्या कंट्रोल सेंटरने ठरवलं की प्रवासी राहू देत, इंधन काढा. इंधन काढण्यात वेळ गेला, विमानाला उशीर झाला, आणि कमी इंधनामुळे ड्रायडनला पुन्हा भरणं भाग पडलं. तिथे एक इंजिन चालू ठेवूनच इंधन भरलं. तोवर बर्फ पडायला लागला होता. पंखांवर बर्फ साचला. इंजिन चालू असताना डी-आयसिंग, म्हणजे पंखांवरचा बर्फ काढणं, करायचं नाही असा नियम, आणि इंजिन बंद करावं तर पुन्हा सुरू होणार नाही. विमान तसंच निघालं आणि धावपट्टीच्या पुढच्या झाडीत कोसळलं. ६९ पैकी २४ जण गेले, दोन्ही पायलट त्यात होते.

या अपघाताची चौकशी न्यायमूर्ती मोशान्स्की यांनी केली आणि १९९२ च्या अहवालात कॅप्टनच्या एका निर्णयावर बोट ठेवून ते थांबले नाहीत. कंपनी, तिचं कंट्रोल सेंटर, डिस्पॅचरांचं अपुरं प्रशिक्षण, सरकारी देखरेख, सगळी साखळी त्यांनी उलगडली. तू हा अहवाल मिळवून वाच, निदान कंट्रोल सेंटरवरचा भाग तरी. एपीयू बंद ठेवून उडणं नियमात होतं. प्रवासी ठेवून इंधन काढणं हा रोजचा व्यापारी निर्णय होता. ड्रायडनला इंधन भरणंही काही वावगं नव्हतं. हे सगळं एकाच फ्लाइटमध्ये, एकाच दुपारी, बर्फाच्या अंदाजाखाली एकत्र येतंय, हे पाहणारं कोणीतरी हवं होतं. ते पाहण्यासाठीच डिस्पॅचरची खुर्ची असते. नियमाचं एकेक कलम तर सॉफ्टवेअरही तपासतं. त्या रात्री तू मुंबई, गोवा, घिरट्या आणि पाऊस हे सगळं एकत्र पाहिलंस. तुझा पगार त्यासाठीच आहे.

"कॅप्टनला हवं असेल तर तो घेईल" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. आपल्याकडे अंतिम अधिकार कॅप्टनचाच आहे, ते योग्यच आहे. अमेरिकेत डिस्पॅचरकडे स्वतःचा परवाना असतो आणि उड्डाणपूर्व नियोजनाची, उशिराची, रिलीजची (विमान सोडण्याच्या मंजुरीची) जबाबदारी नियमानेच दोघांवर मिळून असते. आपल्याकडे डिस्पॅचरला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, मान्यता असते, पण कायद्यातलं वजन तेवढं नाही. तरी प्रत्यक्षात काय होतं बघ. कॅप्टन फ्लाइटच्या तासभर आधी प्लॅन उघडतो. पानंच्या पानं नोटॅम (विमानतळ आणि मार्गांबद्दलच्या सूचना), हवामानाचे तक्ते, केबिन क्रूचं ब्रीफिंग, आणि कदाचित त्याची ती दिवसातली तिसरी फ्लाइट. समोरचा आकडा कोणीतरी डोकं लावून काढलाय या भरवशावर तो असतो. मॅनेजर म्हणतात कॅप्टन बघेल, कॅप्टन समजतो डिस्पॅचने बघितलंय. दोन स्वतंत्र डोकी असावीत म्हणून केलेली व्यवस्था अशाने एकाही डोक्याशिवाय चालू लागते. तुझ्या कॅप्टनने त्या रात्री इंधन वाढवलं, चांगलं केलं. पण त्याला ते तू न सांगता ओळखावं लागलं, हे चांगलं झालं नाही.

दबाव म्हटलं की आपल्याला ओरडणारा साहेब आठवतो. तसा साहेब सांभाळायला सोपा असतो. कठीण असतो तो दबाव जो कोणी बोलतच नाही. कोळिकोडला ७ ऑगस्ट २०२० च्या पावसात विमान टेबलटॉप, म्हणजे पठारावरच्या, धावपट्टीवरून खाली गेलं आणि २१ जणांचा मृत्यू झाला. कॉकपिटमधल्या चुकांबरोबरच तपास अहवालात आणखी एक बाब नोंदवली आहे: दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट करायची म्हणून कॅप्टनला कोळिकोडलाच उतरण्याची ओढ होती, कारण त्या बेसवर २६ को-पायलटांमागे कॅप्टन एकच नेमलेला होता. त्या संध्याकाळी 'तिथेच उतर' असा हुकूम कोणी देण्याची गरजच नव्हती. मनुष्यबळ विभागाच्या एका तक्त्याने ते काम आधीच केलं होतं. तुमच्याकडची लाल रंगाची यादी मला याच जातीची वाटते. ती एकदा भिंतीवर लागली की मॅनेजरला खुर्चीमागे येऊन उभं राहण्याचीही गरज उरत नाही. काही महिन्यांनी पोरंपोरी आपोआपच वीस मिनिटं टाकायला लागतात.

मॅनेजरच्या बाजूचंही सांगते, नाहीतर तुला अर्धाच सल्ला मिळेल. भारतात विमान कंपनीचा सगळ्यात मोठा खर्च इंधनाचा. जादा इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं. वाढीव वजनाच्या तीन-चार टक्के दर तासाला, असा ढोबळ हिशेब. कोलकाता–मुंबईला हजार किलो जादा टाकलं तर शंभरेक किलो नुसतं वाहण्यात जातं. रोज शेकडो फ्लाइट असतील तर ती रक्कम मोठी होते, आणि ती विचारणाऱ्याला खलनायक समजू नकोस. काही डिस्पॅचर भीतीपोटी वर्षभर प्रत्येक फ्लाइटला जादा इंधन ठोकतात, डिसेंबरच्या निरभ्र दुपारी नागपूरलासुद्धा. त्यांच्यामुळे तुझ्या जुलैच्या आकड्याचं वजन कमी होतं. म्हणून आधी स्वतःचं रेकॉर्ड काढ. गेल्या पावसाळ्यात तू कुठे किती जादा टाकलंस, त्यातलं किती वापरलं गेलं, कुठे विनाकारण टाकलंस. हे तुलाच आधी माहीत हवं.

आता नाही कसं म्हणायचं ते. मी एकच प्रश्न वापरायचे, तोही शांतपणे: "सर, नवीन काय आलंय?" नवा टाफ, म्हणजे विमानतळाचा हवामान अंदाज, आलाय का? मुंबईची रांग कमी झालीय का? पेलोडचा, म्हणजे प्रवासी आणि मालाच्या वजनाचा, काही प्रश्न आहे का, लँडिंग वेटमुळे माल उतरवावा लागतोय का? असलं काही असेल तर ते दबावात मोडत नाही, ते कामच आहे. प्लॅन पुन्हा काढ, कदाचित गोवा योग्य ठरेलही. पण उत्तर "नवीन काही नाही, पण इंधन जास्त दिसतंय" असं असेल, तर तुझा आकडा जिथे होता तिथेच राहील. तेव्हा असं म्हण: "सर, माझ्या सहीने मी हैदराबादच ठेवते. गोवा हवंच असेल तर तुम्ही तुमच्या लॉगिनने प्लॅन काढा. मी लॉगमध्ये तशी नोंद करते आणि कॅप्टनना दोन्ही सांगते." आवाज चढवायचा नाही, नियमांवर भाषण द्यायचं नाही. माझा अनुभव असा की दहातले नऊ मॅनेजर इथे थांबतात, कारण त्यांनाही ती सही नको असते. दहावा खरंच स्वतःच्या नावाने प्लॅन काढतो. तसं झालं तर तेही चालेल, कारण निर्णय कोणाचा हे कागदावर आलेलं असतं.

हे करण्याआधी तुमच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये रिलीज झालेला प्लॅन कोण, कसा बदलू शकतो हे अक्षरन् अक्षर वाचून घे. पाठ असू दे.

दुसरं, प्लॅनवर रिमार्क्सची जी ओळ असते ती रिकामी सोडू नकोस. 'मुंबईला गडगडाटी पाऊस, संध्याकाळपासून होल्डिंग, ४० मिनिटं धरली आहेत, गोव्याचा कल खराब म्हणून हैदराबाद.' एवढंच. कॅप्टनला कळतं की यामागे विचार आहे, आणि महिन्याअखेरीस यादी करणाऱ्यालाही तो आकडा का होता ते दिसतं. हवामान वाईट असेल तर कॅप्टनला एक फोनही कर. रात्री अडीच वाजता डिस्पॅचचा फोन आला म्हणून वैतागलेला कॅप्टन मला क्वचितच भेटला.

शिफ्ट लॉग लिही, वेळेसकट. कोण काय म्हणालं ते साध्या शब्दांत, विशेषणं न लावता. 'मॅनेजरने दबाव टाकला' असं न लिहिता 'ड्यूटी मॅनेजर यांनी ०१:१० वाजता पर्यायी विमानतळ हैदराबादऐवजी गोवा करण्यास सांगितले, हवामानात बदल नव्हता' असं. एक काळजी घे: कंपनीचे कागद, स्क्रीनचे फोटो, कॅप्टनचे मेसेज स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर किंवा मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू नकोस. उद्या मूळ मुद्दा बाजूला राहील आणि माहिती बाहेर नेल्याची चौकशी तुझी होईल.

तक्रारीबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. सेफ्टी विभागाकडे हॅझार्ड रिपोर्ट, म्हणजे धोक्याची लेखी सूचना, जरूर दे, पण मॅनेजरच्या नावाने नको. विषय यादीचा असू दे. कोणी किती इंधन टाकलं ते ही यादी मोजते. त्या फ्लाइटनी ते वापरलं का, किती विमानं वळवावी लागली, वळवलेल्या विमानाचा क्रू ड्यूटीच्या वेळेत बसला का, दीडशे-पावणेदोनशे प्रवाशांची रात्रीची सोय करायला काय लागलं, यातलं काहीच त्यात नसतं. जमाखर्चाची एकच बाजू दाखवणाऱ्या तक्त्यावर माणसांची नावं लाल करायची आणि वर त्याला कमर्शियल सेन्स म्हणायचं, हे धंद्याच्या हिशेबानेही कच्चं आहे. हे तू त्यांच्याच भाषेत मांड: वळवलेल्या विमानांचा रकाना जोडा, पावसाळ्याचे महिने वेगळे मोजा, आणि नावांऐवजी सेक्टरनुसार, म्हणजे मार्गानुसार, यादी करा. सोबत स्वतःच्या रेकॉर्डचे आकडे दे. कंपनीत हालचाल झाली नाही तर डीजीसीएकडे ऐच्छिक सुरक्षा अहवाल देण्याची सोय आहे. ती पायलटांइतकीच तुझ्यासाठीही आहे.

अप्रेझलला लेखी उत्तर दे. भांडणाच्या सुरात नको. 'कमर्शियल सेन्स कमी' म्हणजे कोणत्या फ्लाइट, कोणत्या तारखा, किती इंधन, हे विचार. तारखा मिळाल्या तर त्या दिवसांचं हवामान काढून शेजारी ठेव. नाही मिळाल्या तर शेरा कशावरून दिला हा प्रश्न फाइलवर राहील, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मॅनेजरच्या हातात ती फाइल जाईल तेव्हा तो उपयोगी पडेल.

लाइन सोडू का, या प्रश्नावर माझं उत्तर आज तरी नाही असं आहे. तुला हे काम येतं. पण दोन गोष्टी घडल्या तर थांबू नकोस. लॉगमध्ये लिहू नकोस असं कोणी सांगितलं, किंवा तुझ्या लॉगिनने, तुझ्या नावावर दुसऱ्याच कोणी प्लॅन बदलला. त्या दिवसापासून दुसरी नोकरी शोधायला लाग. राजीनामा आधी देऊ नकोस, कर्जाचे हप्ते आहेत. हातात ऑफर आली की नीघ. डिस्पॅचरची मान्यता आणि चार वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला दुसऱ्या कंपन्यांत दार उघडं असतं. मुलाखतीत "जादा इंधनावरून मतभेद झाले तर तुमच्याकडे काय पद्धत आहे?" असं तूच विचार. उत्तर द्यायला त्यांना किती वेळ लागतो त्यावरून बरंच कळेल.

बाबांवर रागावू नकोस. लेकीची नोकरी टिकावी म्हणून ते बोलतात, आणि साहेबाचं ऐकलं की नोकरी टिकते हा त्यांच्या आयुष्याचा अनुभव असेल. त्यांना एकदा बसवून सांग की त्या प्लॅनवर सही तुझी असते, साहेबाची नसते. विमान वळलं, इंधन कमी पडलं, चौकशी लागली, तर पहिला कागद निघतो तो तुझा. बहुतेक वडिलांना ही गोष्ट लगेच समजते.

अप्रेझलच्या उत्तराचा कच्चा मसुदा या आठवड्यात लिही. कंपनीचं, माणसांचं नाव खोडून मला पाठव, मी बघून देते. आणि येत्या पावसाळ्यातला तुझा पहिला प्लॅन करशील तेव्हा ती रिमार्क्सची ओळ भरलीस का, तेही कळव.

तुझी,
ताई